ओलीला दैव मानू नका

पावसाळ्यात तळमजल्याच्या घराला ओल येणारच, हे आपण इतके सहज स्वीकारले आहे की त्याबद्दल आता कोणी तक्रारही करत नाही. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत काळवंडते, पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, गादीची खालची बाजू हाताला दमट लागते. दिवाळी आली की भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, रंगाचा हात द्यायचा, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. 'कोकणातले घर म्हटले की ओल आलीच', 'आमची जागाच पाणथळ', 'वास्तूच तशी आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. मला इथे एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. जमिनीतून घरात चढणारी ओल ही बांधताना राहून गेलेली चूक असते. ती फार थोड्या खर्चात टाळता येते. आणि टाळता येत असताना ती न टाळणे हा त्या घरात जमिनीवर बसणाऱ्या-निजणाऱ्या माणसांवर केलेला अन्याय आहे.

आधी ही ओल चढते कशी ते समजून घेऊ. वीट, जांभा, सिमेंटचा गिलावा, साधे काँक्रीट या सगळ्यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी ही छिद्रे पायाखालच्या मातीतले पाणी वर ओढतात. पाणी एकटे येत नाही. मातीतले आणि विटेतले क्षार त्यात विरघळून येतात. भिंतीच्या पृष्ठभागाशी आल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढत जातात आणि गिलाव्याला आतून बाहेर ढकलतात. म्हणून पोपडे सुटतात, आणि म्हणूनच वरून कितीही महागडी पुट्टी लावली तरी ती टिकत नाही. उलट आतल्या बाजूने पाणीबंद रंग फासला, की पाण्याला उडून जायला जागा उरत नाही आणि ओल आणखी वर चढते. दरवर्षी रंगावर होणारा खर्च रोगाच्या मुळाशी पोचतच नाही.

याचा उपाय शंभराहून अधिक वर्षे बांधकामाच्या जाणकारांना ठाऊक आहे. जोते पूर्ण झाले की भिंत उचलण्याआधी त्यावर एक ओलरोधक थर द्यायचा. आपले गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. भारतीय मानक ३०६७ या संहितेत त्याची सविस्तर पद्धत दिलेली आहे. हा थर बाहेरच्या जमिनीपासून किमान १५ सेंटीमीटर वर हवा, तो सलग हवा, मध्ये कुठेही तुटता कामा नये. राष्ट्रीय इमारत संहिता जोत्याची उंची भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर ठेवायला सांगते. जमिनीसाठीही तेवढाच साधा उपाय आहे. आत भरावाला मुरूम टाकून तो पाणी मारून नीट धुमसायचा, त्यावर दगडी सोलिंग, सोलिंगवर खडीच्या कचीचा समतल थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद सांधे एकमेकांवर वीतभर चढवून अंथरायचा, तो कडेला भिंतीतल्या डीपीसीपर्यंत वर घ्यायचा आणि मग काँक्रीट. भिंतीतला थर आणि जमिनीतला कागद एकमेकांना मिळाले पाहिजेत. मध्ये चार बोटांची फट राहिली तर पाणी नेमके तिथूनच वाट काढते.

खर्चाचा हिशेब करून पाहू. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असे २५ चौरस मीटरचे लहानसे घर घ्या. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेतल्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ तेवढेच आहे. बाहेरच्या चार भिंती आणि मधली एक, मिळून सुमारे २५ मीटर लांबी, नऊ इंची भिंत, ४ सेंटीमीटर जाडीचा १:२:४ काँक्रीटचा थर. याला सिमेंट लागते दीड पोत्याच्या आसपास. त्यावर डांबराचा हात द्यायला दहा किलो डांबर पुरते. जमिनीसाठी पाव मिलिमीटर जाडीचा प्लास्टिक कागद सांध्यांसकट घेतला तरी त्याचे वजन सात किलोच्या आत-बाहेर भरते. दीड पोते सिमेंट, दहा किलो डांबर, सात किलो प्लास्टिक आणि गवंड्याचा फार तर एका दिवसाचा रोज. एवढ्यावाचून एका कुटुंबाने चाळीस-पन्नास वर्षे ओलीत राहायचे, ही गोष्ट आपल्या मनाला लागली पाहिजे.

मग हे होत का नाही? पैसा नाही हे कारण बहुतेक वेळा खरे नसते. त्याच घराच्या दर्शनी भिंतीला नक्षीदार टाइल लागते, हॉलमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी येते, छताला पीओपी होते, वास्तुशांतीला दोन-तीनशे पाने उठतात. जे पाहुण्याला दिसते त्यावर आपण कर्ज काढून खर्च करतो, आणि जे गाडले जाणार आहे तिथे 'चालतंय की' म्हणतो. ठेकेदारालाही हे पक्के माहीत असते. जोत्यावरचा थर एकदा भिंतीखाली गेला की तो दिला होता की नाही, हे कोणालाच पाहता येत नाही. पहिले दोन पावसाळे जातात, ठेकेदाराचा हिशेब चुकता होतो आणि तिसऱ्या वर्षी खार फुटू लागतो. घर बांधणे हे आपल्याकडे प्रतिष्ठेचे काम आहे. राहणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार त्या प्रतिष्ठेत बसत नाही, हे आपल्या मूल्यांचे दारिद्र्य आहे.

आपल्या घरांत जमिनीवर कोण असते ते जरा डोळ्यांसमोर आणा. रांगणारे मूल जमिनीवर असते. पाटावर बसून भाकऱ्या थापणारी, भाजी निवडणारी, धान्य पाखडणारी बाई जमिनीवर असते. सतरंजी टाकून निजणारे आजी-आजोबा, पुस्तक मांडीवर घेऊन अभ्यास करणारी मुलगी, रात्रपाळी करून आलेला आणि चटईवर अंग टाकणारा कामगार, हे सगळे जमिनीवर असतात. खुर्ची-पलंगावर जगणाऱ्या समाजाला तळजमिनीची ओल जेवढी जाचते, त्याहून कितीतरी अधिक ती आपल्याला जाचते, कारण जमीन हेच आपले जेवणाचे पान, अभ्यासाचे मेज आणि अंथरूण आहे. अंगणवाडीतली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले दिवसाचे चार-पाच तास फरशीवर पातळ सतरंजीवर बसतात. घरातला कर्ता पुरुष, ज्याच्या शब्दावर घराचा खर्च ठरतो, तो त्या ओल्या जमिनीवर सर्वांत कमी वेळ असतो. म्हणूनही हा थर विसरला जातो.

ओलीचा आणि आजाराचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याची तीव्रता यांचा धोका जास्त असतो, असे तिने स्पष्ट सांगितले. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २०२० च्या डिसेंबरमध्ये दोन वर्षांचा एक मुलगा दगावला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने त्याला गंभीर श्वसनविकार झाला होता, असा निष्कर्ष २०२२ साली मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी दिला. आईवडिलांनी घराच्या मालक संस्थेकडे वारंवार तक्रार केली होती. उत्तर मिळाले होते ते त्यांच्या राहणीलाच दोष देणारे. त्या मुलाच्या नावाने तिथे २०२३ साली कायद्यात तरतूद झाली आणि ओल-बुरशीच्या तक्रारीची ठरावीक मुदतीत दखल घेणे सामाजिक घरांच्या मालकांवर बंधनकारक करण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडेही भाडेकरूला 'तुम्हीच पाणी फार सांडता' हेच ऐकवले जाते. फरक इतकाच की आपल्याकडचा मूल दगावण्याचा प्रसंग ओलीच्या खात्यावर कधी मांडलाच जात नाही.

आपले पूर्वज याच ओलीत वाढले, मग आम्हालाच काय होते, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो पूर्वजांवर अन्याय करणारा आहे. देशावरचे जुने वाडे पाहा. जोते घडीव काळ्या दगडाचे आणि त्यावर विटांचे किंवा पांढऱ्या मातीचे बांधकाम. काळा पाषाण घट्ट, पाणी फारसे न पिणारा. तेच त्या काळचे ओलीविरुद्धचे संरक्षण होते. कोकणातला जांभा सच्छिद्र आहे. म्हणून तिथे जोते उंच, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे आलेले, भोवती पडवी, आत चोपून सारवलेली मातीची जमीन आणि भिंतीला चुना. माती आणि चुना ओल धरून ठेवत नव्हते, हळूहळू बाहेर सोडत होते. आपण सामान बदलले. मातीच्या जागी सिमेंट आले, चुन्याच्या जागी प्लास्टिक रंग आला, शेणसारवणाच्या जागी चकचकीत फरशी आली. सामान बदलताना त्याबरोबर जे ज्ञान बदलायला हवे होते, ते बदलले नाही. पाणी न सोडणारी फरशी घातली की खालची ओल जमिनीतून वर येऊ शकत नाही, ती बाजूला सरकून भिंतीत चढू शकते. 'फरशी बसवल्यापासून भिंती जास्त ओल धरायला लागल्या' हे बायका सांगतात ते उडवून लावण्याजोगे नसते.

परंपरेतही सर्वांच्या वाट्याला कोरडी जमीन आली नव्हती, हे लपवून चालणार नाही. अनेक गावांत उंचवट्यावर वाडे आणि देवळे, आणि गावाचे सांडपाणी ज्या उताराने वाहते त्या उताराला दलितांच्या वस्त्या. कोरडी जमीन हाही जातीने वाटलेला अधिकार होता. आजही शहरातल्या नाल्याकाठच्या, खाजणावरच्या वस्त्यांत हेच घडते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे पटापट मेली, तेव्हा १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट, कोंदट घरांकडे सरकारी नजर वळली. मृत्यूने दार ठोठावल्याशिवाय गरिबाच्या घराची जमीन हा सार्वजनिक प्रश्न होत नाही, ही रीत आता तरी मोडली पाहिजे.

रस्त्यांचे काय होते तेही पाहा. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर येतो, गल्लीत पेव्हर ब्लॉक बसतात आणि रस्ता वीतभर, हातभर वर येतो. ज्या घराचे जोते बांधताना दीड-दोन फूट उंच होते, ते वीस वर्षांत रस्त्याला टेकते किंवा खाली जाते. भिंतीत डीपीसी असली तरी ती मग मातीखाली गाडली जाते आणि निरुपयोगी ठरते. ज्या कामाचा नारळ फोडून विकास म्हणून फलक लागतो, त्याच कामाने शे-दीडशे घरांत ओल शिरते. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, रस्त्याची पातळी वाढवायची नाही, हा आग्रह प्रत्येक प्रभागातल्या नागरिकांनी धरला पाहिजे.

ओल खालूनच येते असेही नाही, आणि इथे परदेशातला एक धडा उपयोगी आहे. अमेरिकेत, विशेषतः आग्नेयेकडच्या दमट राज्यांत, हजारो घरांची तळजमीन लाकडी असते आणि ती जमिनीपासून दोन-तीन फूट वर उचललेली असते. खाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी असते, तिला तिथे क्रॉल स्पेस म्हणतात. वर्षानुवर्षे नियम असा होता की या पोकळीला झरोके ठेवा, हवा खेळली की ती कोरडी राहील. प्रत्यक्षात उन्हाळ्यातली दमट हवा झरोक्यांतून आत येई, थंड तुळयांना आणि नळांना लागून तिचे पाणी होई, लाकडाला बुरशी धरे, थंडीपासून बचावासाठी तुळयांमध्ये भरलेली काचलोकर भिजून लोंबू लागे. नॉर्थ कॅरोलिनात अॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिल गावच्या घरांत वर्षानुवर्षे मोजमाप घेऊन दाखवून दिले, की जमिनीवर सलग प्लास्टिक अंथरून झरोके बंद केलेल्या पोकळ्या जास्त कोरड्या राहतात आणि घराचा विजेचा खर्चही कमी होतो. तिथला नियम त्यातून सुधारला. त्याच राज्यातल्या रॅले-डरहॅमकडे घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे जाणून घेणे गरजेचे आहे, कारण तिथे आधी ओल थोपवायची आणि मगच थंडीसाठी काचलोकर भरायची, हा क्रम चुकला की तळजमीन कुजते.

आपल्याकडे जूनमध्ये फरशीला घाम फुटतो, तो याच नियमाने. हवा ३० अंश तापमानाची आणि तिच्यात ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या पृष्ठभागावर तिचे पाणी होते. अशा वेळी खिडक्या सताड उघडल्या तर आणखी दमट हवा आत येते. ओल खालून येते की हवेतून, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर किंवा फरशीच्या सांध्यांवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि सोळा ते चोवीस तास तसाच राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या खाली जमले तर ओल जमिनीतून येते आहे. वर जमले तर ती हवेतली आहे, तिला पंखा आणि ऊन पडेल त्या वेळची मोकळी हवा पुरते, जमीन उकरायची गरज नाही. आधी निदान, मग खर्च, एवढी शिस्त तरी आपण पाळू या.

ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांनी हात टेकू नयेत. पहिले काम बाहेरचे. छपराला पन्हळ लावा, पागोळ्यांचे पाणी भिंतीशी पडू देऊ नका. भिंतीला टेकलेली माती, विटांचे ढीग, फुलझाडांचे वाफे दूर करा. अंगणाचा उतार घराकडून बाहेर हवा. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी कुठे मुरते ते शोधा. पुष्कळ घरांत निम्मी ओल एवढ्यानेच हटते. मग ओल चढलेल्या उंचीच्याही फूटभर वरपर्यंतचा सिमेंट गिलावा काढून भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्या आणि चुन्याचा गिलावा करा. फरशी बदलायचीच असेल तर जुन्या फरशीवर नवी चढवू नका. खाली उकरून, कागद अंथरून मग बसवा. भिंतीला तळाशी ओळीने भोके पाडून त्यांत ओलरोधक द्रव भरण्याची पद्धतही आहे. ती खर्चिक आहे आणि जाणकाराकडूनच करून घ्यावी. भिंतीवर पीव्हीसीची फळी ठोकून ओल झाकणे मात्र सर्वांत वाईट. आत बुरशी आणि वाळवी बिनबोभाट वाढते आणि कळते तेव्हा चौकटी पोखरलेल्या असतात.

आता जबाबदाऱ्या नीट वाटून घेऊ. घरकुल योजनेत हप्ता कामाच्या टप्प्यानुसार मिळतो आणि जोते पूर्ण झाल्याचा फोटो स्थळाच्या नोंदीसह पाठवावा लागतो. त्याच वेळी डीपीसीचा आणि अंथरलेल्या कागदाचा फोटो सक्तीचा करणे शासनाला एका परिपत्रकाने शक्य आहे. तोवर ग्रामसभांनी तसा ठराव करावा आणि पंचायत समितीच्या अभियंत्याने तो पाळावा. याच योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. त्यात हा थर हाताने करून दाखवल्याशिवाय कोणाला प्रमाणपत्र देऊ नये. शहरात स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला कामातला दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तळमजल्याच्या घरमालकांनी ओलीची तक्रार लेखी करावी, तोंडी करून सोडून देऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडे वेळेवर घेणाऱ्याने कोरडी जमीनही दिली पाहिजे, हे साधे नीतीचे गणित आहे.

गवंडी बंधूंनाही विनंती आहे. मालकाने विचारले नाही म्हणून थर गाळू नका. तुमच्या हातातले कौशल्य हे त्या घरात अजून जन्मायच्या मुलांनाही देणे लागते. आणि घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने, विशेषतः घरातल्या बायकांनी, जोते पूर्ण झाले त्या दिवशी जागेवर जावे. दीड पोते सिमेंट तिथे पडते आहे का, कागद कडेपर्यंत वर घेतला आहे का, हे स्वतः पाहावे, फोटो काढून ठेवावा आणि मगच भिंत उचलू द्यावी. शंका वाटली तर काम थांबवावे. एक दिवस उशीर झाला तरी चालेल. वास्तुशांतीचा थाट निम्मा केला तरी समाजात मान कमी होत नाही, हे आपण आपल्या घरापासून दाखवून देऊ, म्हणजे शेजारचाही तेच करील. पायाखालची जमीन कोरडी असणे हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. तो मागायला आणि द्यायला आपण या हंगामापासूनच सुरुवात केली पाहिजे.